कपाट घसरेल की कलंडेल? घरातल्या सुट्या वस्तूंचा भूकंपाचा हिशेब

"एवढं जड कपाट, ते कुठं हलतंय?" भूकंपाचा विषय निघाला की कोल्हापुरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. तिजोरीबद्दल तर ते जास्तच खात्रीने म्हटलं जातं. पण वजनावर भिस्त ठेवण्यात चूक आहे. जमीन आडवी हलली की वस्तूला बसणारा हिसका तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. वजन दुप्पट झालं की हिसका दुप्पट होतो, आणि वस्तूला जागी धरून ठेवणारं बळही दुप्पट होतं. त्यामुळे वजन हिशेबातून सरळ कटतं. उरतात दोन आकडे: उंचीच्या मानाने बूड किती रुंद आहे, आणि बुडाखालचं घर्षण किती आहे. हे दोन आकडे घरच्या घरी काढता येतात. कसे, ते पुढे पायरीपायरीने दिलं आहे.

आधी आपल्या भागाचं बघू. भूकंपरोधक रचनेचं जे भारतीय मानक आहे (आयएस १८९३), त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कोल्हापूर भूकंप विभाग तीनमध्ये आहे आणि त्याचा गुणांक ०.१६ आहे. म्हणजे मोठ्या भूकंपात जमिनीचं आडवं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.१६ पट धरायचं. कोयना खोरं विभाग चारमध्ये येतं, गुणांक ०.२४. हवाई अंतराने ते इथून नव्वदेक किलोमीटरवर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा कोयना धरणातल्या उपकरणावर ०.६३ पट इतकं कमाल त्वरण नोंदलं गेलं. मानकातला गुणांक म्हणजे निसर्गाने घातलेली मर्यादा नव्हे, हे त्या एका नोंदीवरून कळतं. वेळही ध्यानात ठेवा. पहाटेची वेळ, सगळे झोपलेले, आणि उशाशी कपाट.

इमारत टिकेल की नाही हा वेगळा विषय आहे, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठावा. इथे फक्त इमारत उभी राहते पण आतलं सामान अंगावर येतं, त्या प्रसंगाचा विचार आहे.

पायरी १: फळीवर वीट ठेवून बघा

एक चार फुटी फळी, एक वीट, मेजपट्टी आणि वही एवढं पुरे. सुटीच्या दिवशी अंगणात किंवा गच्चीवर अर्ध्या तासात हे होतं. हा प्रयोग टाळू नका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

वीट आधी मोजा, कारण गावठी भट्टीच्या विटा मापात सारख्या नसतात. आपण ९ × ४ × ३ इंचाची धरू. फळी जमिनीवर ठेवा आणि विटेचा सगळ्यात मोठा भाग खाली घेऊन ती आडवी मांडा. ४ इंचाची बाजू फळीच्या लांबीच्या दिशेने असू द्या. आता फळीचं एक टोक सावकाश उचला. एका ठरावीक चढाला वीट खाली सरकेल. तिथेच थांबा. उचललेलं टोक जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. त्या टोकाच्या थेट खालच्या बिंदूपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंत जमिनीवरचं अंतर मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. कोरड्या खडबडीत लाकडावर हा भागाकार साधारण ०.५ ते ०.६ येतो. हे झालं विटेचं आणि फळीचं घर्षण.

आता तीच वीट उभी करा. उंची ९ इंच, फळीच्या दिशेने ३ इंच. फळी पुन्हा उचला. यावेळी वीट सरकत नाही. चढ ०.३३ च्या आसपास पोचला की वरची कड सुटते आणि वीट उताराकडे धाडकन पडते. ३ भागिले ९ म्हणजे ०.३३, हेच ते गुणोत्तर. घर्षण ०.५ होतं, पण तिथवर जायची वेळच आली नाही.

तिसऱ्यांदा विटेच्या बुडाला प्लॅस्टिकची पिशवी ताणून बांधा, फळीवर साबणाचं पाणी पसरा आणि वीट पुन्हा उभी करा. आता तीच उभी वीट न पडता घसरत खाली येईल, कारण घर्षण ०.३३ च्या खाली गेलं.

एवढ्यात सगळा नियम आला. बुडाचं घर्षण रुंदी-उंचीच्या गुणोत्तरापेक्षा कमी असेल तर वस्तू घसरते. जास्त असेल तर ती एका कडेवर उचलली जाऊन डुलते. दोन्ही आकडे जवळपास असतील तर ती घसरता घसरता डुलते, आणि तेव्हा काय होईल ते आधी सांगणं कठीण असतं. तिरप्या फळीवर वजनाचा जो हिस्सा उताराच्या दिशेने ओढतो, तोच भूकंपात आडव्या हिसक्याच्या रूपाने येतो. म्हणून फळीवरचा आकडा भूकंपाला लागू पडतो.

फरक एकच, पण तो महत्त्वाचा आहे. फळी एकाच बाजूला ओढत राहते, भूकंप मात्र सेकंदात दोन-चार वेळा दिशा बदलतो. म्हणून फळीवर जी वस्तू पडते ती भूकंपात फक्त डुलायला लागलेली असते. पडणं ही त्याच्या पुढची गोष्ट, ती पायरी ३ मध्ये बघू.

पायरी २: घरातल्या वस्तू मोजा

वहीत चार रकाने पाडा: वस्तू, अरुंद बाजूची रुंदी, उंची, भागाकार. रुंदी मोजताना एक चूक सगळेच करतात. कपाटाचं अंग मोजतात, पाय मोजत नाहीत. कपाट ४८ सेंटिमीटर खोल असलं तरी पाय आत घेतलेले असतील तर टेकू ४२ सेंटिमीटरचाच असतो. मोजायचं ते पायांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर, आणि तेही अरुंद बाजूचं, कारण वस्तू त्याच बाजूला जाते.

नेहमीचं साडेसहा फुटी लोखंडी कपाट घेऊ. ७८ इंच उंच, १९ इंच खोल, म्हणजे सुमारे १९८ आणि ४८ सेंटिमीटर, पाय कडेलाच. भागाकार ०.२४. रिकामं किंवा सगळीकडे सारखं भरलेलं असेल तर हा आकडा बरोबर. पण कपाटाच्या डोक्यावर काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे: बॅगा, लग्नातली पितळी भांडी, गाद्या. म्हणून खरा हिशेब गुरुत्वमध्याचा, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलं असं धरता येतं त्या बिंदूचा करायचा. बुडाची अर्धी रुंदी भागिले गुरुत्वमध्याची उंची.

कपाट ७० किलो, त्याचा गुरुत्वमध्य ९९ सेंटिमीटरवर. डोक्यावर ४० किलो सामान, त्याचा मध्य २१५ सेंटिमीटरवर. ७० × ९९ अधिक ४० × २१५, या बेरजेला ११० ने भागलं की १४१ सेंटिमीटर येतात. अर्धी रुंदी २४. भागाकार ०.१७. म्हणजे वर सामान चढवल्याने ०.२४ चे ०.१७ झाले. तेच ४० किलो खालच्या कप्प्यात, जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर ठेवले तर गुरुत्वमध्य ७२ सेंटिमीटरवर येतो आणि भागाकार ०.३३ होतो. एक पैसाही खर्च न करता आकडा जवळपास दुप्पट झाला. या सगळ्या लेखातला सर्वांत स्वस्त उपाय हाच.

पण इथेच कोल्हापूरकरांची पंचाईत होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर नदीकाठच्या आणि जयंती नाल्यालगतच्या घरांत जड सामान माळ्यावर आणि कपाटांच्या डोक्यावर गेलं, आणि कपाट-फ्रिज विटांवर चढले. पुराच्या दृष्टीने ते शहाणपणाचं आहे. भूकंपाच्या दृष्टीने उलटं आहे. सुट्या विटांच्या थप्पीवर पाय टेकवला की पाय दोन इंच सरकला तरी विटेवरून सुटतो, तो कोपरा खाली बसतो आणि पुढच्या हिसक्याला कपाट आडवं होतं. कधी वीटच आधी डुलते, कारण उभ्या विटेचं गुणोत्तर काय येतं ते आपण आत्ताच मोजलं. पूररेषेतल्या घराने विटा काढाव्यात असं कोण सांगेल? वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा चौकटी स्टँड करून घ्या, चारही पायांना बोल्टची भोकं ठेवा, कपाट स्टँडला बोल्टने कसा आणि वरून भिंतीला बांधा. पावसाळा संपला की डोक्यावरचं जड सामान खाली उतरवा. पुन्हा जूनमध्ये वर न्या. कंटाळवाणं आहे, पण दोन्ही संकटं एका घरात असली की हेच करावं लागतं.

लहान वस्तूंसाठी दुसरी रीत आहे. बॅग तोलायचा हुकाचा काटा घ्या. वस्तूच्या साधारण मध्यावर दोरी बांधा आणि जमिनीला समांतर, सावकाश ओढा. वस्तू घसरली किंवा मागची कड उचलली की काटा वाचा आणि त्याला वस्तूच्या वजनाने भागा. आलेला आकडा म्हणजे ती वस्तू किती हिसक्याला जागा सोडते तो. हे कपाटावर किंवा तिजोरीवर करू नका. मागची कड सुटली की सावरता येत नाही.

पायरी ३: डुललं म्हणजे पडलंच असं नाही

मे १९६० मध्ये चिलीत प्रचंड भूकंप झाला. त्यात उंच दांड्यावर गोळा बसवल्यासारखे दिसणारे, कुणीही म्हणेल की पहिल्या धक्क्यात जातील, असे पाण्याचे मनोरे उभे राहिले आणि दिसायला भक्कम असलेली बांधकामं खचली. या कोड्यावर जॉर्ज हाउसनर या अमेरिकन अभियंत्याने १९६३ मध्ये गणित मांडलं. त्याचा गाभा असा: सारख्या घाटाच्या दोन वस्तूंपैकी मोठी वस्तू पाडायला जास्त कठीण. डुलायला दोघी एकाच त्वरणाला लागतील, पण मोठीला पार पलीकडे न्यायला तो हिसका जास्त वेळ टिकावा लागतो.

जपानचे युजी इशियामा यांनी १९८२ मध्ये हे घरगुती वापरासारखं सोपं केलं. पडायला दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. त्वरण रुंदी-उंचीच्या गुणोत्तराच्या वर जायला हवं, आणि जमिनीचा वेग एका मर्यादेच्या वर. ती मर्यादा: सेंटिमीटरमधली रुंदी गुणिले १०, भागिले उंचीचं वर्गमूळ. उत्तर सेंटिमीटर प्रति सेकंद येतं.

आपलं सारखं भरलेलं कपाट: ४८० भागिले १४.१, म्हणजे ३४. आता बैठकीतली ३० सेंटिमीटर उंच, ८ सेंटिमीटर बुडाची फुलदाणी: तिचं गुणोत्तर ०.२७, कपाटापेक्षा बरं. पण वेगाची मर्यादा ८० भागिले ५.५, म्हणजे फक्त १५. फुलदाणी कपाटाच्या मागून डुलायला लागते आणि त्याच्या आधी पडते. डोक्यावर सामान असलेल्या कपाटासाठी उंचीच्या जागी गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट घाला: ४८० भागिले २८२ चं वर्गमूळ, म्हणजे २९.

हे आकडे कशाशी ताडायचे? ०.१६ च्या हिसक्याला जमिनीचा वेग कठीण खडकावर १५ आणि मऊ मातीवर २० सेंटिमीटर प्रति सेकंद धरायची अभियंत्यांची ढोबळ रीत आहे. म्हणजे तळमजल्यावर फुलदाणीची वेगाची अट पुरी होऊ शकते, पण ०.१६ चा हिसका तिच्या ०.२७ च्या खालीच राहतो. म्हणून तिथे फुलदाणी आणि कपाट दोन्ही बहुतेक टिकतात. "बहुतेक" मुद्दाम लिहिलं आहे. डुलणारी वस्तू फार लहरी असते. लंबक लहान झोका घेवो की मोठा, वेळ जवळपास तेवढाच घेतो. डुलणारं कपाट जितकं जास्त कलतं तितका परत यायला वेळ लावतं. त्यामुळे जवळजवळ सारख्याच दोन धक्क्यांत एकदा ते उभं राहतं आणि एकदा पडतं. म्हणून आकडा काठावर आला की "पडेल" असंच धरून चालायचं.

पायरी ४: मजला आणि जमीन मोजणीत धरा

वरच्या मजल्यांवर हालचाल वाढते. तळमजल्याच्या दीडपट ते दुप्पट, सर्वांत वर त्याहूनही जास्त. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ०.१६ चे ०.३२ आणि २० चे ४० धरा. आता फुलदाणीच्या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या, आणि ते ३४ चं कपाटही यादीत आलं.

पंचगंगेच्या गाळाची किंवा काळ्या मातीची खोल जमीन असेल तर लाटा मोठ्या होतात आणि संथही होतात. संथ लाट डुलणाऱ्या वस्तूला वाईट, कारण हिसका एका बाजूला जास्त वेळ राहतो.

आमची कामापुरती रीत अशी आहे. गुणोत्तर ०.२५ च्या खाली असेल तर वस्तू या आठवड्यात बांधा. ०.२५ ते ०.५ मध्ये असेल तर जागा बघून ठरवा. झोपायच्या जागेजवळ, दाराजवळ किंवा वरच्या मजल्यावर असेल तर बांधा. ०.५ च्या वर असेल तर ती कलंडायची चिंता सोडा. ती घसरून कुठे जाईल तेवढं बघा.

पायरी ५: आधी हलवा, मग बांधा

ड्रिल मशीन हातात घेण्याआधी टेप घ्या. १९८ सेंटिमीटरचं कपाट पडलं की पायापासून १९८ सेंटिमीटरपर्यंत पोचतं. त्या पट्ट्यात कुणाचं डोकं येतं का? ते दाराच्या वाटेत आडवं होतं का? लहान खोल्यांत कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं की निम्मे प्रश्न सुटतात. कपाटाला रोज किल्ली फिरवायची सवय लावा. दारं उघडली की त्यांचं वजन पुढे येतं आणि गुरुत्वमध्यही.

मग बांधणं. कपाटाच्या वरच्या कडेला, दोन्ही टोकांना एकेक लोखंडी एल पट्टी. मध्यावर एकच पट्टी लावली तर कपाट तिच्याभोवती फिरतं. किती ताण येतो ते बघा, म्हणजे भीती कमी होईल. ११० किलोचं, वर सामान असलेलं कपाट आणि ०.५ इतका दांडगा हिसका: १४१ चे निम्मे ७०.५, वजा २४, म्हणजे ४६.५. त्याला ११० ने गुणून १९८ ने भागा. सुमारे २६ किलो. दोन पट्ट्यांवर वाटून तेराचौदा किलो. ८ मिलिमीटरच्या गिट्टीत (भिंतीच्या भोकात ठोकायच्या प्लगमध्ये) बसवलेला स्क्रू हे सहज पेलतो, जर गिट्टी नीट बसली असेल तर.

घोळ होतो तो याच "जर"मध्ये. पहिली गोष्ट, प्लास्टर. ते १२ ते १५ मिलिमीटर जाड असतं आणि गिट्टी त्यातच अडकली तर प्लास्टरचा पापुद्रा घेऊन बाहेर येते. भोक प्लास्टर ओलांडून विटेत किमान ५० मिलिमीटर गेलं पाहिजे. ड्रिलमधून लाल भुकटी येऊ लागली की वीट लागली असं समजा. भोक दोन विटांच्या सांध्यात आलं तर जागा बदला. दुसरी गोष्ट, कपाटाचा पत्रा. मागचा पत्रा पातळ असतो, स्क्रू त्यातून फाटून निघतो. आतून ३ मिलिमीटरची पट्टी किंवा लाकडी बत्ता लावून बोल्ट आरपार घ्या, किंवा वरच्या दुमडलेल्या कडेत पकड घ्या. तिसरी गोष्ट, ढील. नायलॉनची दोरी लावून दोन इंच सैल सोडली तर कपाट त्या दोन इंचांत वेग घेतं आणि दोरीला २६ किलोंऐवजी कितीतरी मोठा झटका बसतो. पट्टी असो की दोरी, ढील नको.

जुन्या पेठांतल्या मातीच्या किंवा दगडमातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथे लाकडी खांब किंवा तुळई गाठा आणि त्यात लांब स्क्रू मारा. भिंतीच्या पलीकडची खोली आपलीच असेल तर आरपार सळई घालून दोन्हीकडे पत्र्याचे मोठे वॉशर लावा. नव्या इमारतींतल्या हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकला त्यासाठीची वेगळी गिट्टी मिळते, साधी चालत नाही.

बांधायचं नसेलच तर कपाट भिंतीला टेकलेलं तरी असू द्या. मागे दोन-चार सेंटिमीटरची फट राहिली की ते मागे जाऊन भिंतीवर आपटतं आणि तोच धक्का त्याला पुढे ढकलतो.

पायरी ६: घसरणाऱ्या वस्तूंचं काय

बुटक्या, रुंद बुडाच्या वस्तू घसरू दिलेल्या बऱ्या. घसरताना ऊर्जा घर्षणात जिरते आणि वस्तू उभी राहते. अडचण फक्त कडेची. कांदा-लसूण चटणीची चिनी मातीची बरणी कडप्प्याच्या गुळगुळीत फळीवर कुठेही जाऊ शकते आणि फळी संपली की खाली येते.

यावर लोक दोन उपाय करतात आणि दोन्ही अर्धवट कळले तर उलटे पडतात. पहिला, फळीच्या कडेला इंचभर पट्टी. बुटकी बरणी पट्टीला अडून थांबते, ठीक. पण तेलाची उंच बाटली सरकत आली आणि तिचं बूड पट्टीला अडलं की वरचा भाग पुढे जातो. ठेच लागलेल्या माणसासारखी ती तोंडावर पडते. उंच वस्तूंसाठी आडवी सळई हवी, वस्तूच्या निम्म्या उंचीच्या थोडी वर. दुसरा उपाय, बुडाखाली रबरी चटई. रबराने घर्षण वाढतं. म्हणजे जी वस्तू घसरून वाचली असती ती आता डुलणार. रबर फक्त गुणोत्तर ०.७-०.८ च्या वर असलेल्या बुटक्या वस्तूंखाली. फुलदाणीखाली रबर ठेवणं म्हणजे तिला पाडायची सोय करणं. तिच्या तळाशी वाळूची पुरचुंडी टाका, गुरुत्वमध्य खाली येतो.

चाकांचे रॅक वेगळेच. चाकं मोकळी असली तर ते थोड्याशा हिसक्याला खोलीभर फिरतात, आणि लॉक केली तर डुलतात. चाकं लॉक करून रॅक भिंतीला बांधा.

काही ठरावीक वस्तू

गॅस सिलिंडर: गोल बुडाची वस्तू कडेवर उचलली की कडेवरच घरंगळत फिरते, एका जागी डुलत नाही. त्यामुळे ती भलत्याच दिशेला चालत जाते. दोन तृतीयांश उंचीवर साखळी आणि भिंतीत हुक पुरे. भरलेल्या सिलिंडरला तर लावाच. रात्री रेग्युलेटर बंद.

समई: पितळी समई तुकड्यातुकड्यांनी आट्यांवर बसते. आटे सैल असतील तर ती एकसंध वस्तू राहत नाही, वरचं तबक वेगळं डुलतं. तेल आणि ज्योत दोन्ही तबकातच. आटे घट्ट करा, रात्रभर तेवती ठेवायची असेल तर उंच समईऐवजी बसका दिवा, पसरट ताटात.

देव्हारा: भिंतीवरच्या फळीवर ठेवलेला असेल तर देव्हारा फळीला आणि फळी भिंतीला, असे दोन्ही सांधे हवेत. आतल्या जड मूर्तीखाली पातळ कापडाऐवजी पाटाला खोबणी करून बूड त्यात बसवा.

तुळशीवृंदावन: तयार सिमेंटचं वृंदावन बहुधा तीन सुट्या भागांचं असतं, नुसतं एकावर एक ठेवलेलं. प्रत्येक सांध्यावर ते वेगळं घसरतं. वरचा कुंडीचा भाग मातीने आणि पाण्याने सगळ्यात जड. सांध्यांत सिमेंटचा माल भरा. गच्चीच्या कठड्यालगत असेल तर आधी आत घ्या.

गच्चीवरची टाकी: हजार लिटर म्हणजे एक टन, आणि पाणी हिंदकळतं म्हणून ती या लेखाच्या हिशेबात बसतच नाही. सुट्या विटांच्या खांबांवर मात्र ती कधीही ठेवू नका.

दुकानं आणि कारखाने: चपलांच्या दुकानातले उंच रॅक पाठीला पाठ लावून बोल्टने जोडले की रुंदी दुप्पट होते, म्हणजे गुणोत्तरही दुप्पट. शेजारी शेजारी जोडून काही होत नाही, पुढून मागपर्यंतचं बूड तेवढंच राहतं. मार्केट यार्डातल्या गुळाच्या रव्यांची थप्पी असो किंवा शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले मोल्डिंग बॉक्स, थप्पीची उंची अरुंद बाजूच्या दुपटीच्या वर नेऊ नका आणि थर वीटबांधणीसारखे एकमेकांवर चढवा. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, तिजोरीचं गुणोत्तर बहुतेक वेळा चांगलं असतं. ती पडत नाही, पण गुळगुळीत फरशीवर घसरून दार अडवू शकते. बोल्टने जमिनीला बांधलेली बरी.

दगडी दीपमाळ, वीरगळ, देवळाचे खांब: इथे आपण हात लावायचा नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत. अशा रचनेत डोक्यावरच्या जड तुळयांनी खांब एकमेकांशी जोडलेले असतात आणि गणित सांगतं की असे जोडलेले खांब एकट्या खांबापेक्षा पडायला अवघड. तिथे कुणी उत्साहाने सिमेंट भरलं तर दगड-दगडातली ती मोकळीक जाते आणि तडा दगडात जातो. पुरातत्त्व विभागाला कळवणं एवढंच आपलं काम.

धक्का बसतो तेव्हा आणि नंतर

डुलणाऱ्या कपाटाला धरायला जाऊ नका. ११० किलो एकदा कलले की माणूस ते थोपवू शकत नाही, आणि नेमका तोच त्याच्या पुढ्यात उभा असतो. दोन मीटर लांब व्हा, भक्कम टेबलाखाली डोकं झाका.

हादरे थांबले की प्रत्येक बांधलेली वस्तू हलवून बघा. एल पट्टीभोवती प्लास्टरला केसासारखी चीर दिसली तर गिट्टी सैल झाली आहे. नंतरच्या धक्क्यांआधी जवळच नवं भोक पाडा, जुनं वापरू नका. भिंतीपासून पुढे सरकलेलं कपाट उघडायचं असेल तर समोर उभे राहू नका. बाजूला उभे राहा, एका हाताने किल्ली फिरवा आणि दार बोटभर उघडून थांबा. आतले डबे दाराला टेकलेले असतात.